एक डोळा झाकून

ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत गणपतीत दरवर्षी काही ना काही शिबिर असतं. कधी रक्तदान, कधी दात, कधी हाडं. त्या वर्षी डोळे होते. मंडपाच्या मागे पार्किंगमध्ये खांबाला तक्ता टांगलेला, सहा मीटरवर प्लास्टिकची खुर्ची, आणि तपासणारी एक तरुण मुलगी हातात काळं झाकण घेऊन उभी. माझी मुक्ता तेव्हा पहिलीत होती. डावा डोळा झाकला तेव्हा तिनं खालच्या ओळीपर्यंत धडाधड सांगितलं. उजवा झाकला आणि ती गप्पच झाली. मग मान वाकडी करून झाकणाच्या कडेनं बघायला लागली आणि शेवटी “ताई, हात काढ ना” म्हणत रडकुंडीला आली. रांगेतल्या बायका हसल्या. “नाटकं नुसती!” त्या मुलीनं मात्र पुन्हा एकदा तसंच करून पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “हिला डॉक्टरांकडे न्या. चष्म्याच्या दुकानात नको, डॉक्टरांकडे.”

दुकान वाटेतच होतं, त्यामुळे नवऱ्यानं तिला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आधी तिथेच नेलं. मशिनवर हनुवटी ठेवायची, आत लांबलचक रस्ता दिसतो, त्याच्या टोकाला रंगीत फुगा. फुगा धूसर होतो, स्पष्ट होतो, झालं. चिठ्ठी बाहेर आली. डाव्याला एक-सव्वाचा नंबर, लहान आहे अजून, एवढ्यात चष्मा लावू नका, सवय लागते, असा सल्लाही फुकट मिळाला. तो सल्ला आम्ही ऐकला नाही, कारण पार्किंगमधल्या त्या मुलीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

नौपाड्यात लहान मुलांचे डोळे बघणाऱ्या एक डॉक्टर आहेत. तिथे गेल्यावर समजलं की मुलांची तपासणी म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. आधी इंग्रजी ‘ई’चा तक्ता. ‘ई’चं तोंड वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, मुलानं हातानं दिशा दाखवायची. तक्ता मुलाच्या डोक्यामागे असतो आणि समोर आरसा, म्हणजे तीन मीटरच्या खोलीतही सहा मीटरचं अंतर मिळतं. मुक्ताचा उजवा डोळा ६/६ निघाला. डावा ६/६०. म्हणजे चांगल्या डोळ्याला जे साठ मीटरवरून वाचता येतं, त्यासाठी हिच्या डाव्या डोळ्याला सहा मीटरवर यावं लागतं. मी म्हटलं, “अहो, पण ती टीव्ही लांबून बघते, पुस्तक नीट धरते, सायकल चालवते.” डॉक्टर म्हणाल्या, “चालवेलच. उजवा डोळा आहे ना.”

मग थेंब. सायक्लोपेंटोलेट, थोड्या थोड्या वेळानं पुन्हा पुन्हा. झोंबतात, पहिल्या थेंबाला मुलं फसतात, दुसऱ्याला फसत नाहीत. बाहुल्या मोठ्या होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मुलांमध्ये या थेंबांचं मुख्य काम वेगळं आहे. डोळ्याच्या आतला फोकस करणारा स्नायू ते सैल सोडतात. लहानपणी भिंग इतकं लवचीक असतं की तीन-चारचा प्लस नंबर मूल नुसतं ताण देऊन झाकून टाकतं. मशिनमधला फुगा बघताना मुक्तानं तेच केलं होतं. थेंब न घालता काढलेला मुलाचा नंबर म्हणजे नुसता अंदाज, त्यावरून औषधोपचार ठरवायचे नसतात.

बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बाहेर बसलो होतो, तेवढ्यात एक बाई कडेवर तीनेक वर्षांचा मुलगा घेऊन धावत आली. तंबाखूबरोबर मिळते ती चुन्याची पुडी त्यानं दाबली आणि ती फुटून चुना डोळ्यात. कंपाउंडरनं नाव-गाव काही विचारलं नाही. थेट आडवं झोपवून सलाइनच्या बाटलीची धार लावली. डॉक्टरांनी पापणी उलटी करून कापसाच्या काडीनं आतला पांढरा गोळा काढला आणि पुन्हा धार लावायला सांगितली. पोरगं किंचाळत होतं, त्याचे वडील फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होते. नंतर मला डॉक्टर म्हणाल्या, की चुना ॲसिडपेक्षा वाईट, तो आत आत जात राहतो. ही माणसं घरातच नळाखाली डोळा उघडा धरून पंधरा-वीस मिनिटं धुऊन मग रिक्षात बसली असती तर निम्मं काम तिथेच झालं असतं. साधं पाणी चालतं, आणि ते लगेच हवं. दूध, तूप, मध असलं काही नको. आमच्या घरात तंबाखू खाणारं कुणी नाही, पण गावाला गेल्यावर सासऱ्यांच्या भावाची चंची आता मी उंच फळीवर ठेवायला लावते. ते कुरकुरतात. कुरकुरू देत.

थेंब चढल्यावर डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत एक प्रकाशाची उभी रेघ डोळ्यावर आडवी फिरवली आणि हातातल्या पट्टीवरची भिंगं एकेक करून समोर धरली. मुलाला काही विचारायचं नाही, काही वाचायला लावायचं नाही. रेघ आत कशी हलते त्यावरून नंबर कळतो. उजव्याला प्लस एक, डाव्याला प्लस पाच. मग मागचा पडदा तपासला. मोतीबिंदू नाही, पडद्यावर काही नाही, तिरळेपणा नाही. डोळा बाहेरून-आतून धडधाकट, फक्त त्याचं चित्र मेंदूपर्यंत कधी स्वच्छ गेलंच नव्हतं.

याला अँब्लिओपिया म्हणतात, बोलीत आळशी डोळा. डॉक्टरांनी जे समजावलं ते असं. दोन्ही डोळ्यांचा फोकस एकदमच आणि सारखाच बदलतो. एकाला थोडा आणि दुसऱ्याला जास्त ताण देता येत नाही. उजव्याला एकचा ताण दिला की त्याचं चित्र स्वच्छ होतं, तेवढ्यानं मेंदूचं भागतं. डाव्याला पाचचा ताण कधी मिळतच नाही, म्हणून तो जवळचंही आणि लांबचंही धूसरच पाठवत राहतो. मेंदू ते धूसर चित्र बाजूला टाकायला शिकतो. पहिल्या सात-आठ वर्षांत डोळा आणि मेंदू यांच्यातली ही जोडणी घट्ट होत असते. त्यानंतर उपचार होतच नाहीत असं नाही, मोठ्या मुलांमध्येही फरक पडलेला दिसतो, पण हळू आणि कमी. आणि मोठेपणी कितीही महागडा चष्मा लावला किंवा लेझर केलं, तरी मेंदूनं न शिकलेलं त्यातून येत नाही.

बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. तिरळेपणा असता तर वर्षाच्या आतच कुणीतरी बोललं असतं. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा मोठा असता तर शाळेत फळा दिसत नाही म्हणून बाईंनी चिठ्ठी पाठवली असती. एकाच डोळ्याला असला की मूल तक्रार करत नाही, कारण त्याला दुसरं काही माहीतच नसतं. सगळ्यांना असंच दिसतं असं ते धरून चालतं.

आळशी डोळ्याला कामाला लावायला चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात, पण ती लगेच लावायची नव्हती. आधी नुसता चष्मा, पूर्ण वेळ, तीन-चार महिने. काही मुलांचं एवढ्यावरच भागतं. भिंगं पॉलिकार्बोनेटची घ्या, असं डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहून दिलं आणि तोंडीही बजावलं. साधं प्लास्टिक किंवा काच फुटली तर तिचे तुकडे डोळ्यात जाऊ शकतात. पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही. ज्या मुलाचा एकच डोळा धड आहे त्याच्या त्या डोळ्याला चेंडू लागून चालत नाही. दुकानदारानं दुसरंच भिंग दाखवून ‘हेच चांगलं’ म्हणून पाहिलं. चिठ्ठी पुढे केल्यावर गप्प बसला. डावं भिंग जाड, उजवं पातळ, चष्मा एका बाजूला झुकणारा. कानामागे रबरी आकडे लावून घेतले तेव्हा कुठे तो नाकावर टिकला.

आणि मग सल्ले. मुलीची जात, एवढ्या लहानपणी चष्मा? गाजर द्या, बदाम भिजवून द्या, सकाळी अनवाणी गवतावर चालवा. डोळ्यात मध घाला असं सांगणारीही एक निघाली. गाजरानं नंबर जात नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, बुबुळ सुकतं, ही कमतरता फार वाढली तर डोळा जातो; म्हणून तर लसीकरणात नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे डोस असतात. पण तो वेगळा आजार. बुबुळाचा आकार आणि डोळ्याची लांबी-रुंदी गाजर खाऊन बदलत नाही. मी हे सांगत बसले नाही. “देते हं” म्हणून मोकळी व्हायचे.

चष्म्यावर डावा डोळा आधी ६/३६ झाला, मग ६/२४. तिथे थांबला. तेव्हा पट्टी सुरू झाली.

पट्टी म्हणजे त्वचेच्या रंगाचं चिकट पान, मध्ये मऊ कापूस. चांगल्या डोळ्यावर लावायचं, त्यावर चष्मा. रोज दोन तास. मला वाटलं होतं दिवसभर लावावी लागेल. डॉक्टर म्हणाल्या, पूर्वी तसंच करत. २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मध्यम प्रकारच्या अँब्लिओपियात रोज दोन तास आणि रोज सहा तास यांचा परिणाम सारखाच आला, तेव्हापासून रोज दोन तासांपासून सुरुवात करतात. फार कमी दिसणाऱ्या मुलांना जास्त वेळ लागतो. पट्टी अजिबात न सोसणाऱ्या मुलांना चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचा थेंब घालून त्याचं जवळचं दिसणं मुद्दाम धूसर करतात, तोही पर्याय आहे.

दोन तास ऐकायला थोडे वाटतात. पट्टी लावल्यावर आमच्या घरात पहिले काही दिवस जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. तिच्या बाजूनं विचार करा. चांगलं दिसतंय तो डोळा बंद करून न दिसणाऱ्या डोळ्यानं जगायला सांगतात, आणि वर ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणतात. ती पट्टी काढून सोफ्याच्या मागे टाकायची. चष्म्यावरचं कापडी झाकण आणून पाहिलं, त्याच्या कडेनं ती इतक्या सफाईनं बघायची की दिवसभर लावलं असतं तरी उपयोग शून्य. शेवटी चिकट पट्टीच.

माझं ऑफिस ऐरोलीला. संध्याकाळच्या ट्रान्स-हार्बरनं ठाण्याला पोचून घरी येईपर्यंत सात वाजतात, म्हणजे हे दोन तास सांभाळायचे होते सासूबाईंनी. आईंनी ते काम कसं केलं ते मला नीट कळायला बरेच दिवस गेले. त्यांनी पट्टीचा विषयच काढला नाही. दुपारी शाळेतून आल्यावर जेवण, मग पट्टी, आणि पट्टी लागली की लगेच सुपात तांदूळ. “खडे निवड गं, मला दिसत नाहीत.” हल्ली पाकिटातल्या तांदळात खडे कुठे असतात, त्या स्वतःच मूठभर साबुदाणा नाहीतर तूरडाळ मिसळून ठेवायच्या. मग मोगऱ्याचा गजरा, सुईत दोरा ओवणं, मग कॅरम. कॅरममध्ये सुरुवातीला मुक्ताचा स्ट्रायकर सोंगटीच्या वीतभर बाजूनं जायचा. चिडून ती बोर्ड ढकलायची. महिन्या-दोन महिन्यांत राणी घ्यायला लागली. डॉक्टरांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “उत्तम. पट्टी लावून नुसतं बसवण्यापेक्षा जवळचं बारीक काम द्या. टीव्हीही चालेल, पण हे बरं.”

ठाण्यातला मे महिना हा पट्टीचा खरा शत्रू. घामानं कडा सुटतात, ओढून काढली की त्वचा लाल होते. अंघोळीच्या वेळी कोमट पाण्यानं भिजवून, कडेला खोबरेल लावून सावकाश सोलायची. पट्टी लावण्याच्या जागा दर वेळी जराशा बदलायच्या. शाळेत लावून पाठवायची गरज पडली नाही याचा मला फार आनंद झाला. पाचपाखाडीतली पोरं काही वाईट नाहीत, पण पोरं ती पोरं.

दर तपासणीला एक ओळ, कधी अर्धी ओळ. ६/१८. मग बराच काळ तिथेच. मग ६/१२. एकदा तर एकदम दोन ओळी पुढे गेली, मी खूश, आणि डॉक्टरांनी शांतपणे तक्ता बदलला. पाठ झाला होता तिला. नव्या तक्त्यावर जिथल्या तिथे.

आता आईंचं. मुक्तानं एक दिवस हट्ट धरला की आजीनं पण पट्टी लावायची, मग दोघी कॅरम खेळतील. आईंनी लावली, उजव्या डोळ्यावर. आणि खेळता खेळता म्हणाल्या, “अगं, या खिडकीचे गज वाकलेत का?” गज सरळ होते. पट्टी काढली, सरळ दिसले. उजवा डोळा हातानं झाकला, पुन्हा मध्ये पोटात वाकलेले. मी घरी आल्यावर त्यांनी मला हे गंमत म्हणून सांगितलं.

त्यांना मधुमेह बरीच वर्षं. गोळ्या वेळेवर, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीए१सीचा रिपोर्ट दर तीन महिन्यांनी फाइलला. डोळे? “मला पेपर नीट वाचता येतो की.” येत होता, उजव्यानं. पडद्याच्या डॉक्टरांकडे बाहुल्या मोठ्या करून तपासणी झाली, ओसीटी म्हणून पडद्याच्या थरांचा फोटो काढतात तो काढला. डाव्या डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध, जिथून आपण बारीक वाचतो तिथे सूज. मधुमेहानं बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, त्याची. उजव्यातही रक्ताचे ठिपके होते, पण मध्यापासून लांब. “डोळ्यात इंजेक्शन द्यायचंय” असं ऐकल्यावर आई उठून दाराकडे निघाल्या होत्या. प्रत्यक्षात बधिर करणारे थेंब घालतात, पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून छोटा चिमटा लावतात, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक सुई, आणि दोन-तीन सेकंदांत संपतं. एकदा देऊन भागत नाही, ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, आणि खर्चही हलका नाही. साखर आणि रक्तदाब ताब्यात नसेल तर इंजेक्शनं वाया जातात हे डॉक्टरांनी मला नाही, आईंनाच समोर बसवून सांगितलं. गज आता जवळजवळ सरळ दिसतात. त्यांना मोतीबिंदूचीही सुरुवात आहे. “पिकू दे, मग काढू” असं त्या म्हणत होत्या. हा जुन्या शस्त्रक्रियेच्या वेळचा हिशेब. आता फेको नावाच्या पद्धतीनं बारीक छेदातून काढतात, मोतीबिंदू दगडासारखा होण्याची वाट बघण्यात उलट त्रास वाढतो. कधी करायचं ते पडदा आटोक्यात आल्यावर ठरेल.

मधुमेह असेल तर तक्रार असो-नसो, वर्षातून एकदा बाहुल्या मोठ्या करून पडदा बघून घ्यायचा, हे आईंच्या मधुमेहाच्या डॉक्टरांच्या भिंतीवरच लिहिलेलं आहे. आम्ही सगळे इतकी वर्षं त्या पाटीखाली बसून नंबर यायची वाट बघत होतो.

आईंची माहिती लिहून घेताना पडद्याच्या डॉक्टरांनी घरात आणखी कुणाला डोळ्यांचा आजार आहे का विचारलं. सासरे आता नाहीत. शेवटची काही वर्षं त्यांना दिसत नव्हतं. गावाकडे सगळे म्हणत, वय झालं. आई म्हणाल्या, “त्यांना काचबिंदू म्हणाले होते कणकवलीला.” डॉक्टरांनी मान वर केली आणि माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, “मग तुमचे डोळे कधी तपासलेत?”

नवऱ्याला चाळिशीचा चष्मा सोडला तर काही तक्रार नाही. काचबिंदूत तक्रार नसतेच, शेवटच्या टप्प्यापर्यंत. कडेची नजर आधी जाते, एका डोळ्यात गेलेला तुकडा दुसरा डोळा भरून काढतो, आणि माणूस गाडी चालवत राहतो. आईवडील किंवा भावंडांत कुणाला असेल तर धोका कितीतरी वाढतो. त्याच्या डोळ्यांचा दाब निघाला २४ आणि २३. साधारण १० ते २१ असतो. पण एकट्या दाबावर काही ठरत नाही. दाब वाढलेला असून काचबिंदू नसलेली माणसं असतात, आणि दाब सामान्य असून काचबिंदू झालेलीही. म्हणून बुबुळाची जाडी मोजली, डोळ्याच्या कोपऱ्यातला निचऱ्याचा कोन भिंग लावून बघितला, मागच्या नसेचा फोटो काढला आणि नजरेच्या आवाक्याची चाचणी केली. ही शेवटची चाचणी म्हणजे शिक्षा. एक डोळा झाकून एका पांढऱ्या घुमटात तोंड घालायचं, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि कडेला कुठे बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. पहिल्या वेळी हा पठ्ठ्या मध्येच पेंगला आणि रिपोर्टवर ‘विश्वासार्ह नाही’ असा शेरा आला. दुसऱ्या वेळी चहा पाजून बसवला. डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला वर एक छोटा काळा डाग, खरा.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं: स्टिरॉइडचे थेंब कधी वापरलेत का? २०२३च्या पावसाळ्यात सगळ्या महाराष्ट्रात डोळे आले होते, तेव्हा आमच्याही घरात आले होते. मेडिकलवाल्यानं न विचारता दिलेली बाटली नवऱ्यानं डोळे लाल झाले की त्यानंतरही घातली होती अधूनमधून. नाव गुगल केलं तर स्टिरॉइड. असे थेंब जास्त दिवस घातले तर काही लोकांच्या डोळ्यातला दाब वाढतो. ती बाटली कचऱ्यात गेली. आता रोज रात्री दाब कमी ठेवणाऱ्या लॅटानोप्रोस्टचा एक थेंब, जन्मभर. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची एवढंच हातात असतं; आणि थेंब चालू आहेत म्हणून काही जाणवत नाही, बंद केले तरी काही जाणवत नाही, त्यामुळे तो विसरतो. मुक्ता आठवण करते. पट्टीचा सूड म्हणून करते की काय कोण जाणे, पण नेमानं करते.

मुक्ताचा डावा डोळा सध्या ६/९ आहे. पट्टी एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करायची. आता दोन तासांवरून अर्ध्या तासावर आलोय. पट्टी सुटल्यानंतरच्या पहिल्या वर्षात साधारण चारातल्या एका मुलाची नजर पुन्हा थोडी मागे जाते, म्हणून तपासण्या चालूच राहणार. चष्मा सुटणार नाही, हे तिलाही माहीत आहे. मागच्या वेळी तिला चौकटीतलं माशीचं चित्र दाखवलं, खास चष्मा लावून. दोन्ही डोळे मिळून काम करत असतील तर माशीचे पंख कागदाच्या वर उचललेले दिसतात आणि मूल ते हवेतच चिमटीत पकडायला जातं. पहिल्या वर्षी मुक्तानं बोट सरळ कागदावर टेकवलं होतं. या वेळी चिमूट कागदाच्या वर थांबली आणि ती “शी!” करून मागे सरकली. बारीक वर्तुळांची पुढची परीक्षा मात्र अर्ध्यावर अडली. खोलीचं ज्ञान पूर्ण येईल का, यावर डॉक्टर ‘बघू’ म्हणतात.

नणंदेचा मुलगा कोपरखैरण्याला असतो, सव्वातीन वर्षांचा. त्याला मी स्वतः घेऊन गेले, थेंब घालून तपासून आणलं, काही नाही निघालं. अक्षर ओळखता येत नाही तोवर डोळे तपासता येत नाहीत, हा समज नणंदेलाही होता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या सुनंदाताईंची मुलगी अंगणवाडीत जाते. तिथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासायला येतं, त्यांना विचारा म्हणून मी त्यांच्या मागे लागले. २०१३पासूनचा हा कार्यक्रम आहे, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत, आणि त्यात दृष्टिदोषही येतो. पुढे पाठवायची वेळ आली तर पैसे लागत नाहीत. पथक पुढच्या आठवड्यात येणार होतं, तोवर त्यांनी घरी एक गोष्ट करून पाहिली. पोरगी टीव्हीवर कार्टून बघत असताना मागून येऊन आधी एक डोळा तळहातानं झाकला, मग दुसरा. एका डोळ्याला काही बोलली नाही. दुसऱ्याला हात झटकला. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात दाखवायची चिठ्ठी मिळाली आहे, गुरुवारी सुट्टी दिलीय मी ताईंना.